दर पावसाळ्यानंतर जड होणारे स्टिअरिंग: जुन्या पद्मिनीच्या स्टिअरिंग बॉक्सचे वंगण

गणपती उठले, पावसाचा जोर ओसरला, की आमच्या घरच्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीचे स्टिअरिंग जड व्हायचे. सलग चार वर्षे हे असेच घडले. दादरच्या आमच्या इमारतीच्या आवारातून गाडी मागे घेऊन फाटकाकडे वळवताना दोन्ही हातांनी जोर लावावा लागे, आणि रस्त्यावर आल्यावर वळण घेऊन हात सैल सोडला तरी स्टिअरिंग व्हील आपणहून सरळ होत नसे. जिथे सोडले तिथेच ते अडून राही. ही दुसरी खूण पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. उभी गाडी वळवायला पॉवर स्टिअरिंग नसलेल्या कोणत्याही गाडीत जोर लागतोच, परंतु चालत्या गाडीचे स्टिअरिंग वळणानंतर परत फिरत नसेल तर कुठेतरी नको तेवढे घर्षण आहे, हे निश्चित समजावे. पुढची चाके ज्या तिरकस कोनात बसवलेली असतात त्या कोनामुळेच ती सरळ होऊ पाहतात. तो ओढा फारसा मोठा नसतो, आणि कोरडा पडलेला एखादा सांधा तो सहज खाऊन टाकतो.

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये मी गाडी गॅरेजमध्ये नेत असे आणि दरवर्षी एकच उपाय होत असे. स्टिअरिंग बॉक्सचे वरचे बूच काढायचे, ग्रीस गनने आत जाईल तेवढे ग्रीस दाबायचे आणि बूच लावायचे. “साहेब, भरपूर भरलंय, आता पुढच्या पावसापर्यंत बघायला नको,” असे मला सांगण्यात येई, आणि ते खरेही ठरे, कारण पुढच्या पावसानंतर पुन्हा बघावेच लागे. गॅरेजवाल्याने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने प्रामाणिकपणे ग्रीस भरले होते. परंतु ग्रीस भरणे हाच या दुखण्याचा निम्मा भाग होता, हे कळायला मला चार वर्षे लागली. ज्यांच्याकडे अजून अशी गाडी आहे त्यांची तेवढी वर्षे वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला वर्म असतो, म्हणजे जाड आट्यांचा स्क्रू. त्या आट्यांत बसलेला रोलर किंवा दात्यांचा सेक्टर दुसऱ्या एका आडव्या शाफ्टला थोडासा फिरवतो, आणि त्या शाफ्टच्या बाहेरच्या टोकावरचा पिटमन आर्म टाय रॉडमार्फत चाके वळवतो. वर्मच्या आट्या आणि समोरचा दाता एकमेकांवर घासत सरकतात, आणि त्या सरकण्यात धातू व धातू यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर सतत यावा लागतो. हा डबा नव्वद नंबरच्या गिअर ऑईलसाठी बनवलेला आहे. नव्वद नंबरचे तेल आट्यांवरून ढकलले गेले तरी खाली गोळा होते आणि पुढच्या फेऱ्याला पुन्हा आट्यांवर येते. चेसिसचे घट्ट ग्रीस मात्र पहिल्याच काही फेऱ्यांत बाजूला सारले जाते आणि तिथेच बसते. बाहेरून पाहणाऱ्याला डबा काठोकाठ भरलेला दिसतो, आणि आत वर्मने स्वतःभोवती एक स्वच्छ पोकळी कोरून घेतलेली असते, ज्या पोकळीत वंगणाचा लवलेशही नसतो. पूर्वी टॅक्सीच दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींनी मला हे एका वाक्यात सांगितले: “ग्रीस जागेवर बसतं, तेल परत येतं.”

मग सगळेच ग्रीस का भरतात? कारण तेल गळते. पिटमन आर्मच्या शाफ्टवरचे ऑईल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, कडक झाले की नव्वद नंबरचे तेल आठ-पंधरा दिवसांत जमिनीवर उतरते, आणि गळणाऱ्या डब्याला ग्रीस हा सर्वांत स्वस्त बूच ठरतो. म्हणजे मूळ दोष सीलचा, त्यावरचा उपाय ग्रीसचा, आणि त्या उपायातून निर्माण झालेला नवा दोष जड स्टिअरिंगचा.

यात पावसाचा वाटा वेगळा आहे. जे सील तेल बाहेर सोडते तेच पाणी आत घेते. इंजिनच्या उष्णतेने डबा व त्यातील हवा गरम झालेली असते. अशी गाडी हिंदमातासारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गेली की डबा एकदम थंड होतो, आतली हवा आकुंचन पावते आणि कमजोर सीलमधून पाणी आत ओढले जाते. बुचाखालचा वॉशर हरवला असेल तर वरून येणारे पाणी निराळेच. आत गेलेले पाणी ग्रीसमध्ये मिसळते व त्याचा फिकट, दुधी, साबणासारखा लगदा होतो. मी अखेर डब्याचे झाकण काढले तेव्हा कडेला पिवळसर पांढरा, दाट थर होता, अगदी जुन्या लोण्यासारखा, आणि मधोमध वर्मच्या आट्या उघड्या दिसत होत्या. त्यांतल्या दोन आट्यांवर तांबूस गंजाची बारीक रेघ धरली होती. चार वर्षांचे ग्रीस तिथे होते आणि ज्या जागी ते हवे होते तेवढी एकच जागा कोरडी होती.

आधी दोष कोणत्या भागात आहे ते ठरवावे

डबा उघडण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी, कारण स्टिअरिंग जड होण्याचे खापर नेहमी डब्यावर फोडले जाते आणि अनेकदा तो निर्दोष असतो. सर्वांत आधी टायरमधील हवा पाहावी. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर पुढचे काहीही करण्यात अर्थ नाही. मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवले असतील तर थोडा जडपणा कायमच राहणार, हेही मान्य करावे.

त्यानंतर पुढची दोन्ही चाके जमिनीपासून उचलून गाडी जॅक स्टँडवर ठेवावी. आपल्या इमारतींच्या आवारात आता सर्वत्र पेव्हर ब्लॉक असतात आणि पावसाळ्यानंतर ते खालून पोकळ झालेले असतात, म्हणून जॅकखाली व प्रत्येक स्टँडखाली जाड फळी घालावी, मागच्या चाकांना दगड लावावेत, आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली मुळीच जाऊ नये. चाके अधांतरी असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. ते आता सहज फिरत असेल तर दोष बहुधा टायरमध्ये किंवा गाडीचा भार सोसणाऱ्या सांध्यांत, म्हणजे मुख्यतः किंगपिनमध्ये (ज्या उभ्या खिळीभोवती पुढचे चाक वळते तिच्यात) आहे. ते अजूनही जड असेल तर टाय रॉड पिटमन आर्मपासून सोडवावेत. त्यासाठी बॉल जॉइंटचा पुलर वापरावा. हातोड्याने ठोकून काढण्याच्या नादात रबरी बूट फाटतो आणि पुढच्या पावसात तोही सांधा जातो. आता तीन गोष्टी एकमेकांपासून वेगळ्या झाल्या. स्टिअरिंग व्हील फिरवून डबा व वरचा दांडा यांचा अंदाज येतो, आणि प्रत्येक चाक हाताने धरून डावीकडे-उजवीकडे वळवले की त्या त्या बाजूचा किंगपिन कळतो. मधल्या दांड्याला दुसऱ्या बाजूने धरणारा आयडलर आर्मही याच वेळी हाताने हलवून पाहावा. त्याचे बुश, म्हणजे आत बसवलेली नळीसारखी बैठक, कोरडे पडले असेल तर तो करकरतो आणि अडखळतो, आणि त्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही.

माझ्या गाडीत डब्याबरोबर डावीकडचा किंगपिनही दोषी निघाला. त्याच्या खालच्या निपलमध्ये, म्हणजे ग्रीस आत घालण्याच्या तोंडात, चिखल सुकून दगडासारखा झाला होता, आणि ग्रीस गन लावली की ग्रीस निपलच्या बाजूने बाहेर येत असे, आत काहीच जात नसे. गॅरेजमध्ये दर वेळी “ग्रीसिंग केले” असे बिलावर लिहिले जात होते आणि तो सांधा बहुधा कित्येक महिने उपाशी होता. निपलच्या तोंडातला बारीक गोळा टाचणीने दाबून पाहावा. तो आत जाऊन परत येत नसेल तर निपल साफ करण्यात वेळ न घालवता नवे बसवावे. किंगपिनला ग्रीस देताना चाके उचललेलीच असावीत. गाडीचा भार जमिनीवर असताना सांध्याच्या एका बाजूची फट पूर्ण बंद असते आणि ग्रीस नेमके त्या दाबाच्या बाजूला पोहोचत नाही. दोन-चार दट्टे मारावेत, चाक पूर्ण इकडून तिकडे फिरवावे, पुन्हा दट्टे मारावेत. कडेने आधी काळे, मग करडे आणि शेवटी स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत हे करावे. इथे मात्र नेहमीचे लिथियमचे दोन नंबरचे चेसिस ग्रीसच योग्य आहे. डब्याला जे चालत नाही ते सांध्यांना हवे असते, हा फरक पक्का लक्षात ठेवावा.

डबा रिकामा करणे आणि भरणे

डब्यात ग्रीस भरलेले असेल तर त्यावर तेल ओतून भागत नाही. तेल वर तरंगत राहते आणि लगदा खाली तसाच राहतो. वरचे झाकण काढावेच लागते. झाकणाच्या मध्यावर लॉक नट असलेला जो स्क्रू असतो तो प्ले, म्हणजे आतल्या भागांतली सैल हालचाल, कमी-जास्त करण्याचा स्क्रू होय, आणि तो हलवण्यापूर्वी नटाच्या वर आट्या किती उरल्या आहेत हे व्हर्निअरने मोजून लिहून ठेवावे किंवा निदान जवळून फोटो काढून ठेवावा. ज्या डब्यांत हा स्क्रू शाफ्टच्या खाचेत अडकलेला असतो त्यांत झाकणाचे बोल्ट सोडल्यावर लॉक नट सैल करून स्क्रू आत फिरवला की झाकण आपोआप वर उचलले जाते. ते पेचकसाने उचकटू नये, कारण पृष्ठभागावर पडलेला ओरखडा पुढे तेल गाळतो.

लगदा काढायला आइस्क्रीमची लाकडी काडी उत्तम. लोखंडी सळई नको. कोपऱ्यांतले जमेल तेवढे निघाल्यावर काही जण रॉकेलने डबा धुतात. मी ते टाळले, कारण डब्याला खाली ड्रेनचे बूच नसेल तर रॉकेल पूर्ण निघत नाही आणि राहिलेले रॉकेल नव्या तेलाला पातळ करते. त्याऐवजी थोडे गिअर ऑईल ओतावे, टाय रॉड सुटलेले असतानाच स्टिअरिंग दहा-बारा वेळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, आणि मोठ्या सिरिंजला रबरी नळी लावून ते तेल ओढून घ्यावे. पहिल्या खेपेला चहात जास्त दूध पडल्यासारखा रंग आला; दुसऱ्या खेपेला करडा; चौथ्या खेपेला तेल जसे ओतले तसे परत आले. सिरिंजमधले तेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवले तर तळाला पाणी व धातूचा कीस वेगळा दिसतो. कीस चमकणारा व भरपूर असेल तर डब्याच्या आत झीज पुढे गेलेली आहे आणि केवळ वंगणाने ती भरून येणार नाही.

तेल निवडताना पेट्रोल पंपावर किंवा दुकानात मिळणारे कोणतेही गिअर ऑईल घेऊ नये. ‘ईपी ९०’ आणि ‘जीएल-४’ असे बाटलीवर लिहिलेले तेल घ्यावे. ‘जीएल-५’ हे त्याहून वरचे म्हणून चांगले, असे अनेकांना वाटते, परंतु त्यात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे अधिक असतात आणि ती पितळ व ब्राँझच्या भागांना खाऊ शकतात. जुन्या डब्यांतील शाफ्टची बुशे बहुधा ब्राँझचीच असतात. अर्ध्या लिटरची बाटली भरायला पुरून उरते. थंडीत तेल फार घट्ट वाटले तर बाटली गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवावी. तेल बुचाच्या काठापर्यंत येऊ द्यावे, स्टिअरिंग सावकाश फिरवावे, आतली हवा निघून पातळी खाली गेली की पुन्हा काठापर्यंत भरावे. बुचाखाली नवा वॉशर घालावा. बुचाला बारीक भोक असेल तर ते हवा जाण्यासाठी ठेवलेले असते, ते एम-सीलने बुजवू नये. फक्त मोकळे आहे ना ते पाहावे.

ऑईल सील

वरील सर्व काम करून सील तसेच ठेवले तर पुढच्या ऑक्टोबरमध्ये सगळे पहिल्यापासून करावे लागेल. सील बदलण्यासाठी पिटमन आर्म काढावा लागतो, आणि तो काढण्यापूर्वी आर्म व शाफ्ट या दोघांवर पंचने समोरासमोर खूण करावी, नाहीतर बसवताना एक दाता चुकतो व स्टिअरिंग व्हील वाकडे राहते. आर्म घट्ट बसलेला असतो. त्याला पुलरच लावावा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर तो मार थेट आतल्या रोलरवर व वर्मवर जातो आणि तिथे जो खड्डा पडतो तो नंतर सरळ चालताना सतत जाणवतो.

सुट्या भागांचा प्रश्न खरा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघणे केव्हाच थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेल्यावर ते भाग ठेवणारी दुकाने आणखी कमी झाली. परंतु ऑईल सीलसाठी गाडीचे नाव सांगण्याची गरजच नसते. जुन्या सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ते पुसले गेले असतील तर व्हर्निअरने शाफ्ट व खाच मोजावी आणि जुने सील खिशात घालून नागदेवी स्ट्रीटला जावे. तिथे बेअरिंग व सीलच्या दुकानांत त्याच मापाचे सील काही मिनिटांत मिळते. शक्य असेल तर शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या मुख्य ओठाबरोबर बाहेर धूळ अडवणारा दुसरा ओठ असलेले सील मागावे. मुंबईच्या पावसात तो दुसरा ओठच उपयोगी पडतो.

बसवण्यापूर्वी शाफ्टवर नख फिरवून पाहावे. जुन्या सीलच्या ओठाने तिथे बारीक खोबण पाडलेली असते. नख अडकत असेल तर नवे सील त्याच जागी ठोकू नये, एखादा मिलिमीटर पुढे किंवा मागे ठेवावे, म्हणजे त्याचा ओठ कोऱ्या पृष्ठभागावर चालेल. स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे. शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळून तिला तेल लावावे आणि मगच सील सरकवावे. या एका पट्टीअभावी माझे पहिले नवे सील बसवतानाच कापले गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली तेलाचा थेंब दिसला. पिटमन आर्मचा नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जोराने आवळावा, लॉक वॉशर नवा घ्यावा, आणि टाय रॉडच्या नटांना जुनी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा वापरू नये. या ठिकाणी काटकसर केली तर सुटणारी वस्तू म्हणजे गाडीचे स्टिअरिंग असते.

सील बदलूनही तेल येत असेल तर पिटमन आर्म हातात धरून वर-खाली हलवावा. शाफ्ट बुशमध्ये डुलत असेल तर कोणतेही सील टिकणार नाही, कारण ओठाला शाफ्टमागे धावावे लागते. अशा डब्याला नवी बुशे घालून घेणे हाच खरा उपाय आहे. ते होईपर्यंत डब्यात शून्य-शून्य नंबरचे अर्धद्रव ग्रीस घालण्यास माझी हरकत नाही, कारण ते मधासारखे वाहते आणि आट्यांवर परत येते. दोन नंबरचे घट्ट ग्रीस मात्र तात्पुरते म्हणूनही घालू नये.

प्लेचा स्क्रू सर्वांत शेवटी. डब्याची झीज सरळ स्थितीत सर्वाधिक झालेली असते, कारण गाडी आयुष्यभर बहुतेक वेळ सरळच चालते. म्हणून स्टिअरिंग सरळ ठेवूनच प्ले काढावा, एका वेळी स्क्रू थोडासाच फिरवावा, आणि प्रत्येक वेळी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे अडखळते का ते पाहावे. टोकांकडे घट्ट होऊ लागले की अर्धा पाऊल मागे यावे. स्टिअरिंग व्हीलच्या कडेवर बोटभर प्ले राहिला तर राहू द्यावा. तो पूर्ण घालवण्याच्या हट्टाने पिळलेला स्क्रू हे जड स्टिअरिंगचे मी पाहिलेले दुसरे मोठे कारण आहे, आणि त्यात वर्म फार लवकर खराब होतो.

अँबॅसॅडर किंवा मारुती ८०० असणाऱ्यांनी यातले डब्याचे काम सोडून द्यावे. त्या गाड्यांत रॅक आणि पिनियन (दातेरी दांडा आणि त्याला सरकवणारे दातेरी चाक) असते, आणि तिथे पाणी शिरण्याची वाट म्हणजे रॅकच्या दोन टोकांची रबरी गेटर, म्हणजे घडीदार आवरणे. गेटर हाताने ताणून त्याच्या घड्यांत चिरा आहेत का ते पाहावे, दोन्ही बाजूंच्या क्लिपा घट्ट आहेत का ते पाहावे. चीर असेल आणि आत पाणी गेले असेल तर गेटर बदलण्याआधी रॅक पुसून त्यासाठी सांगितलेलेच वंगण लावावे.

माझ्या गाडीचे हे काम दोन रविवारांत झाले. त्यानंतर दोन पावसाळे गेले. जून सुरू होण्यापूर्वी एकदा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा मी बूच काढून आत स्वच्छ काडी बुडवतो. काडीवर तेल पारदर्शक, मधाच्या रंगाचे आले तर बूच लावतो. गेल्या ऑगस्टमध्ये एकदा काडीच्या टोकाला दुधी छटा दिसली. बुचाखालचा वॉशर चिरला होता. तेल सिरिंजने ओढून काढले, नवे भरले, वॉशर बदलला, अर्धा तास लागला. फाटकापाशी वळण घेऊन हात सैल सोडला की स्टिअरिंग व्हील आता तळव्यांखालून स्वतःच सरकत सरळ होते.